गांधीजींचा शिष्य, फिजिक्सचा पदवीधर आणि गावोगावच्या भाकड गाई

नेरूळमध्ये भल्या पहाटे दुधाचे टेम्पो येतात. सेक्टरच्या कोपऱ्यावर क्रेट उतरतात आणि सात वाजेपर्यंत पिशव्या दारोदार पोचलेल्या असतात. त्यातल्या ज्या पिशवीवर गाईचं दूध असं लिहिलेलं असतं ते बहुतेकदा पुणे, नगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातून आलेलं असतं. आणि ती गाय सहसा संकरित असते. गावात तिला कुणी जर्सी म्हणतं, कुणी एचएफ.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी ही गाय महाराष्ट्राच्या गोठ्यात क्वचितच दिसायची. ती आली कशी, याच्या मागे बरेच लोक आहेत. पण एक नाव टाळून ही गोष्ट सांगताच येत नाही. ते म्हणजे मणिभाई देसाई.

मणिभाई पशुवैद्य नव्हते. शेतकी कॉलेजात शिकलेले नव्हते. मूळचे मराठीही नव्हते. सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा नावाच्या गावी २७ एप्रिल १९२० ला त्यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. मुलगा अभ्यासात हुशार होता, म्हणून फिजिक्स आणि गणिताकडे गेला. शिक्षण चालू असतानाच १९४२ चं चले जाव आंदोलन पेटलं आणि हा गडी त्यात उतरला. तुरुंगात जाऊन आला. पदवी हातात पडल्यावर एखादी चांगली नोकरी सहज मिळाली असती, पण त्याने सेवाग्रामची वाट धरली.

गांधीजी तेव्हा निसर्गोपचाराच्या प्रयोगात बुडालेले होते. आधी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या क्लिनिकमध्ये तो प्रयोग करायचं चाललं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की शहरातल्या दवाखान्यात गरीब माणूस येणार नाही, आपणच खेड्यात गेलं पाहिजे. शोधाशोध होऊन पुणे-सोलापूर रस्त्यावरचं उरुळी कांचन ठरलं. पुण्यापासून साधारण तीस किलोमीटर. २२ मार्च १९४६ ला गांधीजी तिथे पोचले, आठवडाभर राहिले, रोग्यांना तपासलं, आणि ३० मार्चला निघून गेले. मागे जी मंडळी ठेवली त्यात मणिभाई होते. सव्वीस वर्षं पूर्ण व्हायलाही महिनाभर बाकी होता. या गावातच आयुष्य घालवायचं आणि लग्न करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत पाळल्या.

आता गंमत बघा. आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या या माणसाचं पुढचं आयुष्य गाई वेळेवर गाभण कशा राहतील या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलं.

गाय मध्ये आली ती आश्रमामुळे. गांधींच्या कार्यक्रमात गाय आधीपासूनच होती. १९४१ मध्ये वर्ध्याला गोसेवा संघ निघाला होता आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्याच कामाला दिले होते. त्या मंडळींना एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. गाय खाटकाकडे जाते ती कुणाच्या दुष्टपणामुळे कमी आणि ती परवडत नाही म्हणून जास्त. मुंबईतल्या तबेल्यांकडे पाहिलं तरी हे कळत होतं. दूर दूरहून ऐन दुधातल्या म्हशी मुंबईत आणायच्या, आटल्या की पुन्हा गाभण करून सांभाळण्यापेक्षा विकून टाकायच्या आणि नवीन आणायची. उत्तम जातीची जनावरं अशी एका वेतातच संपायची. जागा आणि चारा महाग असलेल्या शहरात भाकड जनावर म्हणजे रोजचा तोटा.

इथे थोडं थांबून एक साधी गोष्ट लक्षात घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाय व्याली तरच दूध देते. व्यायला आधी गाभण राहिली पाहिजे. म्हणजे दुधाचा धंदा मुळात गाभण राहण्याचा धंदा आहे. गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. हंबरते, अस्वस्थ होते, दुसऱ्या गाईंवर उड्या मारते, तिच्या योनीतून काचेसारखा पारदर्शक चिकट स्राव लोंबतो. हा माज टिकतो जेमतेम बारा ते अठरा तास. तो संपल्यावर दहा-बारा तासांनी अंड बाहेर पडतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा गोठ्यातला नियम. ही वेळ हुकली की पुन्हा २१ दिवस वाट पाहायची. दोनदा हुकली तर सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत वैरण, पाणी, शेण काढणं काहीच थांबत नाही.

गाभणकाळ धरा नऊ महिने आणि वर नऊ-दहा दिवस. वर्षाला एक वासरू हवं असेल तर व्याल्यापासून तीन महिन्यांच्या आत गाय पुन्हा गाभण राहायला हवी. त्यातले पहिले दीड-दोन महिने गर्भाशय पूर्ववत व्हायला जातात. उरतो महिनाभर, म्हणजे एक, फार तर दोन माज.

आपल्याकडच्या गावठी गाईचं चित्र याच्या कितीतरी मागे होतं. कालवड पहिल्यांदा व्यायची तीच चार वर्षांची झाल्यावर किंवा त्याच्याही नंतर. दोन वेतांमध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर. दूध दिवसाला लिटर-दोन लिटर, तेही काही महिने. तिच्या आयुष्यातला मोठा भाग वाट पाहण्यात जायचा. दोष तिचा नव्हताच. उन्हाळ्यात कडबा सोडून काही मिळत नसे, शरीरात स्फुरदासारखी खनिजं कमी पडत, आणि उपाशी शरीर माजच दाखवत नाही. हा निसर्गाचा शहाणपणा आहे, पोटाला नसताना पोर नको. गावचा वळू म्हणाल तर देवाला सोडलेला, कुठल्या वंशाचा ते कुणालाच माहीत नाही, आणि एका गाईचा गर्भपाताचा रोग दहा गाईंना देऊन मोकळा.

मणिभाईंनी पहिली वाट धरली ती देशी गाईची. सौराष्ट्रातली गीर ही दुधाची नामांकित जात. तिचा कळप उरुळीत उभा केला. चांगल्या गाई निवडायच्या, चांगल्या वळूकडून भरवायच्या, प्रत्येकीच्या नोंदी ठेवायच्या. फिजिक्सचा विद्यार्थी असल्याचा इथे फायदा झाला असावा, कारण मोजमाप हा त्यांच्या कामाचा कणा राहिला. गाय किती पूज्य आहे यापेक्षा ती कधी व्याली, किती दूध दिलं, पुन्हा कधी गाभण राहिली, हे वहीत लिहिलेलं असणं त्यांना महत्त्वाचं वाटे. वर्षानुवर्षं हे चाललं. सोबत गावात शाळा, सहकार, उपसा सिंचन, थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना अशी बरीच कामं त्यांच्या हातून झाली. त्यांच्यावर सबंध लेख होईल, पण आपण गोठ्यातच राहू.

गीरचा कळप सुधारत होता, पण निवडीने सुधारणा व्हायला किती वेळ लागतो याचा हिशेब निर्दय आहे. कालवड चार वर्षांची झाल्यावर व्यायची. निम्मी वासरं खोंड. उरलेल्या कालवडी मोठ्या होऊन दूध देईपर्यंत त्या चांगल्या की नाही कळणारच नाही. म्हणजे एका पिढीला पाच वर्षं. वीस वर्षं खपलं तर चार पिढ्या. आश्रमाच्या गोठ्यात हे जमतं. दोन गाई आणि तीन एकर कोरडवाहू असलेल्या शेतकऱ्याला चार पिढ्या थांबा असं कुणी सांगायचं?

दरम्यान जगात दुसरीकडे एक शोध लागला होता. १९४९ मध्ये लंडनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की वीर्यात ग्लिसरॉल मिसळलं तर ते गोठवूनही शुक्राणू जिवंत राहतात. प्रयोग सुरू झाला कोंबड्यापासून, पण धंदा बदलला वळूचा. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, वळूचं वीर्य वर्षानुवर्षं ठेवता येऊ लागलं. एका वेळच्या वीर्यातून काहीशे मात्रा निघतात. वळू मेला तरी त्याची वासरं जन्माला येत राहतात.

आपल्याकडे कृत्रिम रेतन तोवर नवीन नव्हतं. १९३९ मध्येच म्हैसूरच्या राजवाड्यातल्या डेअरीत संपत कुमारन यांनी ते केलं होतं. पण ताजं वीर्य थोडेच दिवस टिकतं, त्यामुळे वळूपासून फार लांब जाता येत नसे. गोठवलेल्या कांडीने अंतर पुसून टाकलं.

हाच पोल्ज पुढे बरीच वर्षं केंब्रिजला डुकरांच्या प्रजननावर काम करत होता. तिथलं गणित आपल्या गाईशी ताडून बघण्यासारखं आहे. डुकरिणीचाही माज २१ दिवसांनीच येतो, पण टिकतो दोन-तीन दिवस. गाभणकाळ फक्त ११४ दिवस, पाश्चात्त्य शेतकरी तो तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा लक्षात ठेवतात. पिल्लं अंगावरून तोडली की आठवड्याच्या आत ती पुन्हा माजावर. त्यामुळे वर्षाला दोन वेतं सहज, प्रत्येक वेताला आठ-दहा किंवा जास्त पिल्लं. वराहपालक मादीची किंमत करतो ती वर्षात दूध तुटलेली किती पिल्लं दिली यावर. गंमत अशी की गोठवण्याच्या तंत्रात डुक्कर मागे राहिलं. त्याच्या शुक्राणूंचं आवरण थंडीला इतकं नाजूक की गोठवल्यावर गर्भधारणा घटते. म्हणून आजही डुकरांत बहुतेक ठिकाणी १७ अंशांच्या आसपास ठेवलेलं ताजं वीर्यच वापरतात आणि ते काही दिवसांत संपवावं लागतं. गाईचं उलट आहे. कांडी वर्षं टिकते, पण गाय एका वेळी एकच वासरू देते आणि माज काही तासांत निघून जातो. एक हुकलेला माज डुकरिणीपेक्षा गाईत महाग पडतो.

हे सगळं मणिभाईंनी एका निर्णयात ओतलं. १९६७ मध्ये त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था काढली. लोक तिला बाएफ म्हणतात. कल्पना अशी की परदेशी होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी वळूंचं गोठवलेलं वीर्य गावठी गाईत भरायचं. पहिल्याच पिढीत संकरित कालवड जन्मते. ती अडीच-तीन वर्षांत व्याते, दिवसाला आठ-दहा लिटर दूध देते, आणि दोन वेतांतलं अंतर तेरा-पंधरा महिन्यांवर येतं. चार पिढ्यांचं काम एका उडीत.

गांधींच्या माणसाने विलायती वळू आणावा, हे बऱ्याच जणांना पचलं नाही. माझ्या मते मणिभाईंचा मोठेपणा इथेच आहे. वीस वर्षं जिच्यावर खर्च केली त्या गीरवर त्यांनी प्रेम सोडलं नाही, पण शेतकऱ्याच्या हिशेबापुढे स्वतःच्या आवडीला बाजूला ठेवलं. गाय वाचवायची असेल तर ती पाळणाऱ्याला परवडली पाहिजे, हे गांधींच्या काळापासूनचं सूत्र त्यांनी शेवटपर्यंत नेलं, आणि ते नेता नेता वाट वर्ध्याच्या मंडळींना अनोळखी वाटावी इतकी वळली.

पण नुसता वळू बदलून भागलं नसतं. खरी करामत मोटरसायकलची होती.

सरकारी पद्धत अशी होती की गाय माजावर आली की तिला दवाखान्यात न्यायची. दवाखाना पाच-सहा किलोमीटरवर. शेतकऱ्याची मजुरी बुडणार, उन्हात गाय दमणार. पोचेपर्यंत दवाखाना बंद, नाही तर रविवार. माजाला रविवार कळत नाही. मणिभाईंनी उलट केलं. शेतकऱ्याने निरोप पाठवायचा, प्रशिक्षित तंत्रज्ञ नायट्रोजनचं भांडं मोटरसायकलला बांधून दारात येणार. कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, नळीत भरायची, गर्भाशयाच्या तोंडाशी सोडायची. काम दहा मिनिटांचं. मग वहीत तारीख आणि वळूचा नंबर. एकवीस दिवसांनी गाय उलटली का हे पाहायचं. दोन-तीन महिन्यांनी हात घालून गाभण आहे का तपासायचं. व्याली की वासराची नोंद.

ही वही फार मोलाची ठरली. गाय वारंवार उलटत असेल तर दोष वीर्याचा, तंत्रज्ञाचा, गर्भाशयातल्या पुवाचा की वैरणीचा, हे वहीशिवाय सांगता येत नाही. बहुतेकदा उत्तर वैरणीपाशी निघायचं. व्याल्यानंतर दूध वाढतं पण खाणं तेवढं वाढत नाही, शरीर आपली चरबी जाळतं आणि माज लांबतो. म्हणून बाएफच्या माणसाने रेतनासोबत लसूणघास, खनिज मिश्रण, जंतांचं औषध हेही सांगायला सुरुवात केली. मणिभाईंनी हवाईच्या सुबाभळीचा ध्यासच घेतला. झटपट वाढणारं, पाला प्रथिनांनी भरलेला, दुष्काळात जनावरांना आधार. तिचा प्रचार त्यांनी इतका केला की काही वर्षांत बांधाबांधावर सुबाभूळ दिसू लागली. आज पडीक जमिनीत ती तणासारखी माजलेली पाहून अनेक जण नाक मुरडतात, आणि ते चूक नाही. तिच्या पाल्यात मिमोसीन नावाचं द्रव्य असतं, जास्त खाल्लं तर जनावरालाच त्रास होतो. पण ज्या काळात दुसरा हिरवा घास नव्हता त्या काळाच्या संदर्भात हे बघायला हवं.

पैसे कुठून यायचे? इथे मणिभाईंनी महाराष्ट्राची नस बरोबर पकडली. सहकारी साखर कारखान्यांकडे हजारो सभासद शेतकरी होते, पैसा होता आणि तोडणीच्या हंगामात उसाचं वाढं होतं. कारखान्यांनी आपल्या भागात रेतन केंद्रं चालवायला बाएफला बोलावलं. त्याच दशकात, १९७० पासून, ऑपरेशन फ्लड सुरू झालं आणि दूध संघांची संकलन केंद्रं गावागावात पोचली. दूध घेणारा दारात, वळू कांडीत, माणूस मोटरसायकलवर. तिन्ही एकत्र आल्यावर गोठा बदलायला वेळ लागला नाही. उसाचे पैसे वर्षातून एकदा-दोनदा येतात, दुधाचे दर दहा दिवसांनी. घरातल्या बाईच्या हातात किराण्याचे पैसे यायला लागले ते या दहा दिवसांच्या बिलामुळे.

सन्मान आले. १९६८ मध्ये पद्मश्री, १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार. त्याच सुमारास दक्षिण गुजरातमधल्या वांसद्यात आदिवासी कुटुंबांसाठी आंबा आणि वनशेतीचा वाडी प्रकल्प सुरू झाला, जो पुढे अनेक राज्यांनी उचलला. बाएफ गुजरात, राजस्थान, कर्नाटक, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश इथे पसरली. मणिभाई खादीतच राहिले आणि उरुळीही सुटली नाही. १४ नोव्हेंबर १९९३ ला, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कामाचं बिल अजून पूर्ण फिटलेलं नाही, हेही सांगायला हवं. संकरित गाय पहिल्या पिढीत उत्तम. पण लोभाने पुन्हा पुन्हा विलायती वीर्य भरत गेलं आणि विलायती रक्त तीन चतुर्थांशाच्या वर गेलं की विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती धापा टाकते, गोचीड तापाने आजारी पडते आणि, ज्यासाठी हा सारा खटाटोप, ती गाभणच राहत नाही. बाएफची शिफारस मर्यादित विलायती रक्ताची होती, गावात ती नेहमी पाळली गेली नाही. दुसरा प्रश्न खोंडांचा. वशिंड नसलेला संकरित बैल उन्हात लवकर दमतो, त्याला औताला कुणी जुंपत नाही, आणि ट्रॅक्टर आल्यावर तर नाहीच. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हणजे जन्मलेल्या प्रत्येक दुसऱ्या वासराचं करायचं काय, हा प्रश्न शेतकऱ्याच्या अंगावर आला. लिंगनिर्धारित वीर्याच्या कांड्या, ज्यांतून बहुतेक कालवडीच होतात, त्यावरचा एक उपाय म्हणून आल्या. त्या महाग आहेत आणि त्यांचं गर्भधारणेचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असतं. तिसरी गोष्ट खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या जातींची. त्या मागे पडण्याला संकर एकटा कारण नाही, बैलाचं काम संपणं हे मोठं कारण आहे, पण संकराचा वाटा नाकारता येणार नाही.

उरुळी कांचनच्या संशोधन केंद्रात आज विलायती आणि संकरित वळूंबरोबर देशी गाईंच्या वळूंचं आणि म्हशींच्या रेड्यांचंही वीर्य गोठवलं जातं. मणिभाईंनी ज्या जातीपासून सुरुवात केली होती ती गीर त्या यादीत आहे, आणि तिच्या कांड्यांना अलीकडे चांगली मागणी आहे.